दातांचा सौदा

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला जाणकार आधी त्याचा जबडा उघडून दात बघतो. रोड बाईकच्या ग्रुपसेटचा सौदाही असाच दातांवर चालतो. फरक एवढाच, की यात्रेत दलाल आणि गिऱ्हाईक ही दोन वेगळी माणसं असतात. इथे दोन्ही मीच होतो, त्यामुळे मला फसवणं फार सोपं गेलं.

ग्रुपसेट म्हणजे गिअर, ब्रेक, चेन, क्रँक आणि हे सगळं चालवणाऱ्या खटक्यांचा संच. माझ्या सायकलीला शिमानोचा क्लॅरिस आहे. मागे 8 दातेरी चाकं, पुढे 2. एकूण 16 गिअर. याच्या वरचा सोरा 9 चाकांचा, टियाग्रा 10 चा, आणि 105 हा तर 11 वरून 12 वर गेलेला. ही उतरंड एकदा डोक्यात शिरली की माणूस स्वतःच्या सायकलीकडे सावत्र नजरेने बघू लागतो. मी आधी सोराची चौकशी केली. मग वाटलं, सोरा घ्यायचाच तर टियाग्रा काय वाईट? टियाग्रापर्यंत पोचल्यावर 105 न घेणं हा कद्रूपणा ठरला. शेवटी हिशेब सायकलीच्या मूळ किमतीच्या पुढे गेला, तेव्हा लक्षात आलं की आपण सायकलीला ग्रुपसेट घेत नसून ग्रुपसेटला सायकल फुकट देतो आहोत.

निमित्त होतं तोरणमाळचं. शहाद्याहून अंतर सुमारे 55 किलोमीटर. शहादा सपाटीवर आणि तोरणमाळ सातपुड्यात 1,100 मीटरच्याही वर. म्हणजे शेवटच्या घाटाला भिडेपर्यंत पाय अर्धे संपलेले असतात आणि खरी चढण पुढेच असते. तिथे मी थांबतो. बाकीचे दम खायला थांबतात, मी ग्रुपसेटबद्दल विचार करायला थांबतो.

घरी विषय काढताना मी इतिहासापासून सुरुवात केली. टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्राँज यांनी 1902 मध्येच लिहून ठेवलंय की बदलते गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक आहेत, तरुणांनी स्नायूंवर भिस्त ठेवावी. त्या शर्यतीत डिरेल्यूरला, म्हणजे चेन एका चाकावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या यंत्रणेला, परवानगी मिळाली ती थेट 1937 साली. "आणि मी पंचेचाळीस ओलांडलीय," मी म्हणालो.

"मग आहेत ना सोळा?" बायको म्हणाली.

ती हायस्कुलात गणित शिकवते, हे मी हिशेबात धरलं नव्हतं.

"पुढचं लहान चाक किती दातांचं?"

"34."

"मागचं सगळ्यात मोठं?"

"28."

"आणि त्या महागड्यात?"

"तेही... 11 चाकांच्या 105 मध्ये 28 चं मिळतं."

"म्हणजे सगळ्यात हलका गिअर तोच राहिला. दोन्ही टोकं तीच, वाढल्या त्या मधल्या पायऱ्या. अहो, घाटात तुम्ही मधल्या पायऱ्या वापरता?"

घाट लागल्या लागल्या मी शेवटच्या पायरीवर बसतो आणि माथ्यापर्यंत तिथून हलत नाही, हे तिला कोणी सांगितलं कोण जाणे. तिने पाठकोऱ्या कागदावर पुढचंही मांडलं. 28 दातांवर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटरच्या थोडी पुढे जाते. मागे 34 दात लावले तर दोन मीटरच्या थोडी पुढे. म्हणजे पायावरचा भार सहाव्या हिश्शाहून जास्त कमी. "8 चाकांचाच 34 दातांपर्यंतचा संच मिळत असेल की."

मिळतो. त्यासोबत लांब पिंजऱ्याचा डिरेल्यूर आणि जरा लांब चेन लागते, तीही क्लॅरिसमध्येच. खर्च 105 च्या पासंगालाही पुरत नाही. आणि नेमकं तेच मला पटेना. इतक्या स्वस्त उपायाने कोणाचा घाट सुटतो? शिवाय बदललंय हे कोणाला दिसणारही नाही.

म्हणून मी पुरावा गोळा करायचं ठरवलं. आमच्या कॉलेजातले फिजिक्सचे सर मोटारसायकलवर मागे, हातात मोबाइल, मी पुढे. ग्रुपसेट कुठे कुठे दगा देतो ते टिपायचं. आयुष्यात पहिल्यांदाच मी चेन पडावी म्हणून देवाचा धावा केला. पण क्लॅरिसने त्या दिवशी एकही खटका चुकवला नाही. चढावर गिअर टाकला, पडला. खड्ड्यात टाकला, पडला. मुद्दाम वेडावाकडा टाकला, तरी पडला. सर मागून दर वेळी "ओके" म्हणत होते.

घाटात शेवटच्या चाकावर आल्यावरही माझी बोटं सवयीने खटका दाबतच राहिली. पलीकडे आणखी एखादं चाक असावं अशी माझी श्रद्धा आहे. तेवढ्यात एका व्हिडिओतला माणूस आठवला. चेन शेवटच्या चाकापर्यंत नीट जात नसेल तर डिरेल्यूरवरचा एल अक्षराचा स्क्रू पाव फेरा सैल करा, असं तो म्हणाला होता. माझी चेन जात होती, पण मला त्याहून पुढे जायचं होतं. मी सायकल उभी केली, खिशातला पाना काढला आणि सढळ हाताने दोन फेरे दिले.

तो स्क्रू चेनला आत जायची हद्द घालून देतो. हद्द गेल्यावर चेन खरोखरच पलीकडे गेली. पलीकडे चाक नव्हतं, तारा होत्या. डिरेल्यूर तारांत अडकला, चाक थांबलं, आणि मी इतका सावकाश आडवा झालो की वाटेत मला बरी जागा निवडता आली. सरांनी पूर्ण चित्रण केलं. म्हणाले, "सर, ह्यात ग्रुपसेटचा दोष नेमका कुठल्या सेकंदाला?"

परतताना जीप मिळाली. ड्रायव्हरने सायकल टपावर पोत्यांशेजारी बांधली आणि विचारलं, "हिला गिअर किती?"

"सोळा."

"माझ्या गाडीला पाच." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने पुढच्या सीटवरच्या दोघांना मागे बसवून मला आदराने पुढे जागा दिली.

शहाद्यात सायकलवाल्या मिस्तरींनी चाक फिरवून पाहिलं. डिरेल्यूर वाचला होता. ज्या पट्टीवर तो टांगलेला असतो तो हँगर वाकला होता. "हाई ते वाकासाठेच बनाडेल शे, सर," ते म्हणाले. खरंच आहे. फ्रेम वाचावी म्हणून हँगर मुद्दाम नरम धातूचा करतात. मात्र प्रत्येक सायकलीचा हँगर निराळा. त्यामुळे एवढ्याशा पट्टीसाठी कुरियरची वाट बघत बसावं लागलं, आणि तेवढे दिवस घाट न चढायला माझ्याकडे सबळ कारण होतं. फार सुखाचे दिवस होते ते.

मग हँगर आला. त्याच पुडक्यात 34 दातांचा संच, लांब पिंजऱ्याचा डिरेल्यूर आणि चेन निघाली. ऑर्डर बायकोने परस्पर दिली होती. आता घाटात पाय फिरतात, चेन गप्प असते आणि सोळा गिअर आपापलं काम करतात. ग्रुपसेटवर ढकलावं असं काहीच उरलेलं नाही. मात्र 25 मिलिमीटरचे टायर त्या रस्त्याला जरा अरुंद पडतात, असं माझं मत हळूहळू बनत चाललंय.