नकार कळवला, तरी पैसे गेले

मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर द्यायला अमेरिकी काँग्रेसनं नकार दिला. त्यापायी सरकारी कारभार ३५ दिवस अंशतः ठप्प झाला. अखेर १.३७५ अब्ज मंजूर झाले आणि विषय तिथंच मिटायला हवा होता. पण १५ फेब्रुवारी २०१९ रोजी ट्रम्प यांनी राष्ट्रीय आणीबाणी पुकारली आणि लष्कराच्या पैशाला हात घातला.

मार्चमध्ये पेंटागॉननं सैनिकांच्या वेतन-भत्त्यांच्या खात्यातले एक अब्ज डॉलर अमली पदार्थविरोधी कामाकडे वळवले. त्यातून भिंत उभारायची. असा निधी फिरवण्याआधी संसदीय समित्यांची संमती घ्यायची, ही तिथली जुनी रीत. प्रतिनिधिगृहाच्या सशस्त्र दल समितीचे तेव्हाचे अध्यक्ष ॲडम स्मिथ यांनी लेखी नकार कळवला. पेंटागॉननं तो जुमानला नाही. कायद्याची अट स्वच्छ होती: निधी फिरवायचा तो अनपेक्षित लष्करी गरजेसाठी, आणि काँग्रेसनं नाकारलेल्या कामासाठी मुळीच नाही. भिंतीची घोषणा तर २०१६ च्या प्रचारसभांपासून चालू होती. ती अनपेक्षित कशी?

सप्टेंबरमध्ये लष्करी बांधकामांचे ३.६ अब्ज गेले. १२७ कामं अडली. त्यांत केंटकीतल्या फोर्ट कॅम्पबेल तळावरची, सैनिकांच्या मुलांची शाळाही होती. सैनिकांच्या नावानं भाषणं ठोकायची आणि त्यांच्याच लेकरांची शाळा अडवायची, याचा मला संताप येतो.

आणीबाणी संपवण्याचा ठराव दोन्ही सभागृहांनी केला. ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला. निधी फिरवण्याविरुद्धच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं जुलैत पाच विरुद्ध चार मतांनी खर्चाची वाट मोकळी केली. दावा लावणाऱ्यांना तो लावण्याचा अधिकारच बहुधा नाही, एवढंच कारण दिलं. म्हणजे समिती नाही म्हणते, सभागृहं नाही म्हणतात, तरी पैसे जातात. नुसत्या रीतीवर उभी असलेली देखरेख ती मोडणारा भेटेपर्यंतच टिकते. समितीच्या नकाराला कायद्याचं बळ हवं.

आपल्याकडे तर नकारापर्यंतही गाडी जात नाही. २३ मार्च २०२३ रोजी लोकसभेनं सुमारे ४५ लाख कोटींचा खर्च गदारोळात, चर्चेविना मंजूर केला. संरक्षण खात्याच्या मागण्याही त्यातच. तुमचे खासदार मतदारसंघात आले की त्यांना एवढं जरूर विचारा: संरक्षणाच्या खर्चावर तुम्ही सभागृहात शेवटचं कधी बोललात?