फक्त एक सेंटिमीटर

आमचा मेहुणा नॉर्वेत बर्गनला असतो. त्याला दोन नाद : कागदी नकाशे आणि पाहुण्यांची वजनं उतरवणं. फ्लॉमची रेल्वे, धबधबे वगैरे पाहून झालं (छान आहेत), तसा त्यानं आउरलांडफ्योर्डच्या काठावर नकाशा पसरला आणि एका काळ्या चौकोनावर बोट टेकवलं.

"भावोजी, ते जुनं शेतघर. इथून फक्त एक सेंटिमीटर!"

नकाशा 1:50,000 चा, म्हणजे अर्धा किलोमीटर. एवढं मी डॉक्टरांच्या धाकानं सोसायटीच्या आवारातही चालतो. निघालो.

थोड्याच वेळात मी हातापायांवर आलो. ओला घसारा, दोन पावलं वर, दीड खाली. एका झुडपाला मिठी मारून नकाशा मागवला. त्या सेंटिमीटरात समोच्च रेषा कसल्या, तपकिरी सारवण होतं! दोन रेषांत 20 मीटरची चढण. मोजल्या : 25. अर्धा किलोमीटर आडवा, अर्धा उभा.

"आधी का नाही बोललास?"

"नकाशात आहे की, भावोजी."

मूळ उद्योग हिमनद्यांचा. हिमयुगात बर्फानं दऱ्या तासल्या, तो वितळल्यावर समुद्र आत शिरला. आउरलांडफ्योर्ड ज्याचा फाटा, तो सोग्नेफ्योर्ड तर 205 किलोमीटर आत घुसलाय, नि 1,300 मीटर खोल. खाचाखोचा सोडल्या तर नॉर्वेचा किनारा सुमारे अडीच हजार किलोमीटर. प्रत्येक फ्योर्ड आणि बेट धरलं की एक लाखाच्या वर. हे मोजायला लावणाराही कुणाचा तरी मेहुणाच असणार.

शेतघर आलं. छप्पर खचलेलं, जोत्यावर शेवाळ. पूर्वी म्हणे वसुलीवाला दिसला की अशा घरांतली माणसं शिडी वर ओढून घेत. नकाशात त्या चौकोनाशेजारी घराचं नाव छापलंय. हल्ली विमानातून लेसर सोडून उंची मोजतात, पण लेसरला कोण नाव सांगणार? तेव्हा कुणीतरी नकाशा काढायचं प्लेन टेबल पाठीवर बांधून इथवर चढला असेल, या उंबऱ्यावर टेकून दम खात त्यानं घरच्यांना नाव विचारलं असेल, नि नीट लिहून घेतलं असेल. मला उगाच त्याच्या गुडघ्यांची काळजी वाटली.

"भावोजी, उतरायला दुसरी वाट आहे. दीड सेंटिमीटर."

मी आधी रेषा मोजल्या, मग फतकल मारली. तेवढ्यात खालून बायकोचा फोन.

"दुर्बिणीतून बघतेय. लाल जर्किनवाला तूच ना? मघापासून हलत का नाहीयेस? बोट सुटेल!"