चि. ‘तुमची खुशी’ हिस अनावृत पत्र

चि. खुशी हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. पत्रास कारण की, गेल्या रविवारी रामटेकच्या गडावर तुझी-माझी सहा वेळा गाठ पडली आणि सहाही वेळा मी तोंड पाडून परतलो.

नागपूरकराच्या घरी पाहुणा आला की दीक्षाभूमी, सावजी आणि रामटेक हे ठरलेलं. यंदा पुण्याचे साडू आले होते. गाडी लावली तिथल्या पोरानं शंभर सांगितले, साडूंनी पन्नासावर आणले, दोघंही जिंकल्यासारखे हसले. भाव सांगून लुटणाऱ्याशी माझं भांडण नाहीच. वेरूळला सरकारसुद्धा पाटीवर लिहितं, भारतीयाला ४० रुपये, परदेशी पाहुण्याला ६००. पंधरा पट! पण आकडा समोर असतो. माणूस चरफडतो, देतो, विसरतो.

तू आकडाच सांगत नाहीस. चपला सांभाळणाऱ्या मावशींना विचारलं, “किती झाले?” त्या म्हणाल्या, “द्या नं जी, तुमची खुशी.” मी दहाची नोट दिली. मावशींनी ती उलटून पाहिली, जणू उरलेली रक्कम मागच्या बाजूला छापली असावी. मग म्हणाल्या, “चार जोड होते, भाऊ.” मी वीस केले. “असू द्या,” म्हणाल्या. खुशी, ‘असू द्या’ हे तुझं माहेरचं आडनाव काय गं?

तुझ्यापेक्षा गडावरचे वानर बरे. माझ्या हातातली फुटाण्याची पुडी एकानं सरळ ओढून घेतली आणि कठड्यावर बसून, माझ्याकडे पाठ करून खाल्ली. व्यवहार संपला.

खरा घोळ वराहाच्या मूर्तीपाशी झाला. ही भली थोरली मूर्ती. तिच्या पोटाखालून जो पार होईल तो निष्पाप, अडकेल तो पापी, अशी समजूत आहे. साडू सुर्रकन पलीकडे गेले. मी कमरेपर्यंत गेलो आणि तिथंच राहिलो. “माहिती फ्री आहे काका” म्हणत पायथ्यापासून मागं लागलेल्या गाईडनं शेवटी माझे दोन्ही हात धरून ओढलं. गुडघा सोलला, शर्टाचं एक बटण वराहचरणी राहिलं, बायको मोबाईलवर सगळं टिपत होती. मी उभा राहतो न राहतो तोच, “काका, तुमची खुशी.”

चारचौघांत नुकत्याच पापी ठरलेल्या माणसाची खुशी किती असणार? पन्नास दिले. तो म्हणाला, “तुमच्याकडं पाहून असं वाटलं नव्हतं, काका.” काय वाटलं नव्हतं, ते त्यानं सांगितलं नाही. मनसरपर्यंत मी त्याचाच विचार करत होतो.

त्यानं कालिदास ज्या दगडावर बसला तो दगडही दाखवला. जे दाखवलं नाही ते मी सांगतो, तेही फुकट. पाचव्या शतकात इथं वाकाटकांचं राज्य होतं. राजधानी नंदिवर्धन, म्हणजे हे शेजारचं नगरधन. राणी प्रभावतीगुप्ता रामगिरीच्या स्वामींच्या चरणांपासून दानपत्र देत असे. रिद्धपूरच्या ताम्रपटात तसं कोरलेलं आहे. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन. त्याचा ताम्रपट अचलपूरजवळ चम्मकला मिळाला. त्यात हजार ब्राह्मणांना गाव दान दिलंय आणि त्यापुढं गावाला काय काय माफ, याची यादी आहे: शिपायांनी गावात शिरू नये, गाई-बैल मागू नयेत, फुलं आणि दूध मागू नये, चारा, आसन, कातडं, कोळसा मागू नये, कुणाला वेठीला धरू नये. राजाला हे तांब्यावर कोरून घ्यावं लागलं, म्हणजे मागणारे काय कमी असतील! दौऱ्यावरचा पाहुणा दारात उभा राही आणि गाव बिचारं ‘खुशीनं’ दूध काढून देई. दीड हजार वर्षांनी हिशेब उलटा फिरला, आणि वसुलीला नेमका मी सापडलो. काढून द्यायला माझ्याकडं दूधही नव्हतं.

तेव्हा पोरी, आता तरी आकडा सांगत जा. हवा तर दुप्पट सांग, साडू आहेत निम्म्यावर आणायला. पण नोट घेऊन माझ्या तोंडाकडं पाहत राहू नकोस.

कळावे. लोभ आहेच, तो आणखी वाढू नये, ही विनंती.

तुझा नाखूश,
काका

ता. क. : वराहाखालची ती चित्रफीत बायकोनं घरच्या ग्रुपवर टाकली आहे. सगळे भलतेच खूश आहेत. दिलं मात्र कुणी काही नाही.