नानांची चाचणी

पेनड्राइव्ह आणला, लावला, फोटो भरले, विषय संपला. असं इतर घरांत होत असेल. नागावात नानांकडे होत नाही.

सुरमईचे कल्ले उघडून पाहिल्याशिवाय कोळणीला भाव न विचारणारा हा माणूस. त्यात जन्मभर बँकेत लोकांच्या सह्या पडताळलेल्या. पाकिटावर ‘64 जीबी’ वाचून ते नुसतं ‘हं’ म्हणतात आणि जुना लॅपटॉप काढतात. त्याला इंटरनेट नाही, त्याची बॅटरी केव्हाच कैलासवासी झाली आहे; पण चाचणीला हाच लागतो.

मग एचटूटेस्टडब्ल्यू हा जर्मन प्रोग्रॅम सुरू होतो. तो पेनड्राइव्ह काठोकाठ भरतो आणि भरलेलं पुन्हा वाचून ताडतो. बनावट मालात चिप असते 8 जीबीची, पण आतला कंट्रोलर संगणकाला बेधडक 64 सांगतो. आठपर्यंत सगळं गोड. पुढच्या फाइली जुन्यांवर चढतात नाहीतर हवेत विरतात, यादीत नावं मात्र शाबूत! लग्नाच्या व्हिडिओत हळद दिसते आणि मंगलाष्टकांच्या आधीच नवरा-नवरी गोठतात.

एकदा अस्सल पेनड्राइव्हवर 59.6 दिसले. नानांनी अलिबागच्या दुकानदाराला उभा करून उरलेल्या 4.4 जीबीचा हिशेब मागितला. कारखाना हजाराने मोजतो आणि विंडोज 1024 ने, हे कळल्यावर त्यांनी दुकानदाराला माफ केलं. विंडोजला अजून केलेलं नाही.

पर्यटकाचा पेनड्राइव्ह किनाऱ्यावर सापडला तर नाना त्याला हातही लावत नाहीत. पुतण्या म्हणाला, “काका, अँटीव्हायरस आहे की.” झालं! 2014 साली बॅडयूएसबी नावाचा प्रकार दाखवण्यात आला, त्यात पेनड्राइव्ह स्वतःला कीबोर्ड म्हणवतो आणि परस्पर टाइप करू लागतो. खोट कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्ये, अँटीव्हायरस तपासणार फाइली. हे सगळं पुतण्याने उभ्यानेच ऐकलं. त्याची मांडव्याची बोट तेवढ्यात सुटली.

“अहो, किती तो वेळ!” असं कोणी म्हटलं की नाना अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेवर येतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, उपकरणं बिघडणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं काम 1904 मध्ये अलिबागला आणलं. पण लगेच कुलाबा बंद केलं नाही. दोन वर्षं दोन्हीकडे मोजलं, ताडलं, मगच 1906 मध्ये तिकडचं थांबवलं. “सरकारने दोन वर्षं घेतली. मी दोन दिवस मागतो.” (वेधशाळेजवळून नेला तर पेनड्राइव्ह पुसला जातो, अशी शंका शेजाऱ्याने एकदा काढली. पेनड्राइव्हमध्ये विद्युतभार साठतो, चुंबकत्व नाही, हे समजावण्यात एक अख्खी दुपार गेली.)

काकूंचं म्हणणं वेगळंच. “मला बघायला आलात तेव्हा चहा संपायच्या आत होकार दिलात. तेव्हा कुठे गेली होती चाचणी?” यावर नानांकडे अद्याप उत्तर नाही.

माझं मत विचाराल तर नानांचं बरोबर आहे. फक्त त्यांच्याकडून पेनड्राइव्ह परत येईपर्यंत फोटोतलं मूल शाळेत जाऊ लागतं. तुम्हालाही तपासून घ्यायचा असेल तर जरूर या, ते पैसे घेत नाहीत. मात्र शनिवार-रविवार टाळा. पर्यटकांचे एसी लागले की आमच्याकडची वीज जाते, आणि चाचणी पहिल्यापासून सुरू होते.