मैदान घरचं, आरडाओरडा पाहुण्यांचा

"भाऊजी, आमची पोरं फुटबॉलच्या तिकिटासाठी डोकं खातायत. एवढं काय महाग असतं हो?"

"वहिनी, ऐका. वर्ल्ड कपमधला अमेरिकेचा पहिलाच सामना, लॉस एंजेलिसला, पॅराग्वेशी. विक्री सुरू झाली तेव्हा सगळ्यात स्वस्त तिकीट 560 डॉलर! यजमानपद मागताना मात्र 21 डॉलरपासून तिकिटं असतील असं लिहून दिलेलं."

"अगंबाई! एवढ्यात आमचं महिन्याचं वाणसामान येऊन वर उरेल."

"लोकांनी बोंब ठोकली तेव्हा डिसेंबर 2025 मध्ये फिफानं 60 डॉलरची तिकिटं काढली. तीही प्रसादासारखी, चिमूटभर."

"पण मैदान भरतंच ना?"

"भरतं, पण कोणी भरतं ते बघा ना! सप्टेंबर 2017, इथंच आपल्या न्यू जर्सीत, हॅरिसनला. वर्ल्ड कपची पात्रता फेरी, समोर कोस्टा रिका. दर चढे म्हणून इथले लोक कुरकुरले, आणि ते बाउंड ब्रुकवाले मात्र झेंडे घेऊन हजर."

"हो, बाउंड ब्रुकला बरीच वस्ती आहे कोस्टा रिकाच्या लोकांची."

"इथल्या माणसाला आपला संघ पुन्हा दिसणारच असतो. महाग वाटलं की तो सोफ्यावर बसतो. पण देश सोडून आलेला माणूस आपला संघ कधी या गावात येतोय याची वर्षानुवर्षं वाट बघतो. ओव्हरटाइम करील, पण तिकीट घेईल. म्हणून दर चढवला की आधी घरचा गळतो, पाहुणा नाही. हॅरिसनला अमेरिका 2-0 नं हरली, आणि पुढे त्या वर्ल्ड कपला मुकलीच."

"मग अमेरिकेच्या फुटबॉल फेडरेशनला कळत नाही?"

"न कळायला काय झालं? गल्ला भरतो की. पण जिंकायचंच असतं तेव्हा बरोबर सुचतं. 2001 च्या फेब्रुवारीत मेक्सिकोला ओहायोच्या कोलंबसला नेलं. हाडं गोठवणारी थंडी, लहानसं मैदान. 2-0! मग 2005, 2009, 2013, दरवेळी तिथंच आणि दरवेळी 2-0. 2016 ला मेक्सिकोनं 2-1 नं ती पुण्याई संपवली म्हणा. उलट 2011 चा गोल्ड कपचा अंतिम सामना कॅलिफोर्नियात, पासाडेनाला. त्र्याण्णव हजारांवर लोक, बहुतेक मेक्सिकोचे. अमेरिका 4-2 नं हरली, वर बक्षीस समारंभ स्पॅनिशमध्ये! गोलकीपर टिम हॉवर्ड काय तडकला होता!"

"पण ओरडून कुठं गोल होतात?"

"रेफरीच्या कानावर तर जातं! कोविडमध्ये जर्मनीत रिकाम्या मैदानांवर सामने झाले, तेव्हा यजमानांचं जिंकणं घटलं आणि पाहुण्यांना जास्तीची पिवळी कार्डं मिळायची, तेही थांबलं. आणि 2025 ला सेंट लुइसमध्ये पुन्हा पासाडेनासारखंच. गोल्ड कपची उपांत्य फेरी, समोर ग्वाटेमाला, आणि गर्दी बहुतेक त्यांचीच. अमेरिका कशीबशी 2-1 नं सुटली."

"हसू नका हं भाऊजी. जून 2024 ला न्यूयॉर्कला भारत-अमेरिका क्रिकेट झालं, तेव्हा आमचे हे निळा टी-शर्ट घालून गेलेच होते."

"आणि अमेरिकेकडून गोलंदाजी कोण करत होतं? आपल्या मुंबईचा सौरभ नेत्रावळकर! कोहलीला पहिल्याच चेंडूवर घालवलं, मग रोहितला."

"तेव्हा हे म्हणे टाळी वाजवावी की कपाळ बडवावं, या विचारात नुसते उभे राहिले."

"बघा! घरचा संघ अमेरिका, आणि मैदानभर निळेच निळे. आपणही तिथं बाउंड ब्रुकवालेच."

"मग करायचं काय त्यांनी?"

"गोलामागचे दोन स्टँड स्वस्त ठेवावेत, ढोलताशेवाले तिथंच उभे राहतात. बाकीच्या खुर्च्या खुशाल हजाराला विका. तेवढंही जमत नसेल तर घरच्या मैदानाचा फायदा मिळाला नाही म्हणून मागाहून रडू नये. आणि पोरांना म्हणावं, टीव्ही लावा. पॉपकॉर्न माझ्याकडून."