मिठाचं मिशन

नगरच्या माणसाला मिशनऱ्यांचं अप्रूप नसतं. अमेरिकन मराठी मिशनने आमच्याकडे शाळा काढल्या, १८४२ साली 'ज्ञानोदय' काढलं, आणि १८२७ साली अमेरिकेहून निघालेल्या सिंथिया फॅरारबाई मुली शिकवता शिकवता १८६२ मध्ये नगरलाच देवाघरी गेल्या. त्यामुळे बदली होऊन आम्ही तिघं दिल्लीला निघालो, तेव्हा आपणही एक मिशनच घेऊन चाललोय असं मला वाटू लागलं. दिल्लीकरांना मराठीची आणि पुरणपोळीची दीक्षा द्यायची! सामानात पुरणयंत्र होतं, काळ्या मसाल्याची बरणी होती आणि माझं हिंदी होतं. बरणी वाटेत फुटली. हिंदी पोचल्यावर.

ऑफिस कस्तुरबा गांधी मार्गावर. पहिल्या दिवशी मी ऑटोवाल्याला ते नाव आदरपूर्वक, मागेपुढे चार हिंदी वाक्यं जोडून सांगितलं. त्यातलं त्याला फक्त 'गांधी मार्ग' कळलं आणि त्याने मला थेट रिंग रोडवर नेऊन सोडलं, कारण त्या रस्त्याचं सरकारी नाव महात्मा गांधी मार्ग. निघालो होतो बांकडे, पोचलो बापूंकडे. आमच्या रस्त्याला सगळी दिल्ली 'केजी मार्ग' म्हणते आणि म्हातारी मंडळी अजून कर्झन रोड म्हणतात, हे ज्ञान मला दोनशे रुपयांना पडलं.

दुपारी घामाघूम होऊन शिकंजीच्या, म्हणजे लिंबू सरबताच्या, गाडीपाशी गेलो. मला मधुमेह, म्हणून बजावून सांगितलं, "भैया, मीठ डालना." त्याने एक चमचा साखर टाकली. मी कळवळून म्हणालो, "अरे नहीं, मीठ, मीठ!" त्याने दुसरा टाकला. मग मी हातवारे केले, आवाज चढवला, शेजारच्या दोघांना साक्षीला घेतलं, आणि दर 'मीठ'ला एक याप्रमाणे तो भला माणूस चमचे टाकत राहिला. शेवटी मी गप्प बसलो. साखर थांबली.

त्या रात्री मला गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे मिशनरी आठवले. १८१२ मध्ये अमेरिकेहून निघालेली ही मंडळी, त्यात नॉटसाहेबांची नवी नवरी, कलकत्त्याला उतरली तर कंपनी सरकार म्हणालं, चालते व्हा. ती निसटून १८१३ मध्ये मुंबईला आली, तिथेही तोच हुकूम. तरी नेटाने मराठी शिकली. नॉट पतिपत्नी प्रकृतीपायी १८१५ मध्ये परत गेली. हॉल मात्र १८२६ मध्ये पटकीने जाईपर्यंत तेरा वर्षं टिकला. आणि मिशनरी विल्यम केरीने तर बंगालात बसून, वैजनाथ पंडितांना हाताशी धरून, १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. मी दिल्लीत राहून मीठ मागू शकत नव्हतो.

माझी पंडित म्हणजे आमची सात वर्षांची कन्या. शाळेत पंधरा दिवस जाते न जाते तोच ती माझं हिंदी तपासू लागली आणि भाजी आणायला जाताना मला आडोशाला उभं करू लागली. दीक्षेचं दुसरं अंग, म्हणजे पुरणपोळी, बायकोने सांभाळलं. होळीला चाळीस पोळ्या लाटून इमारतभर वाटल्या. शेजारच्या आंटींनी पोळी लोणच्याबरोबर खाल्ली आणि ताटलीत गुजिया घालून निरोप दिला, "मीठा पराठा बहुत बढ़िया था." पुढच्या होळीला कन्येने विचारलं, "आई, मीठा पराठा कधी करणार?" ही गुजिया तळत होती.

माझीही घसरण चालूच होती. घरची आठवण आली की ऑफिसच्याच रस्त्यावरच्या महाराष्ट्र सदनात जेवायला जायचो. एकदा वाढप्याला सवयीने म्हणालो, "भैया, थोड़ी सब्ज़ी देना जी." तो वाकून हळूच म्हणाला, "काका, मराठीत बोला की."

परवा नगरहून आई आली. तिला मोठ्या तोऱ्यात त्याच गाडीपाशी नेलं आणि आता मुरलेल्या दिल्लीकराच्या थाटात म्हणालो, "भैया, दो शिकंजी, नमक ज़्यादा."

त्याने चमचा हवेतच धरला, आईकडे बघून हसला आणि मला म्हणाला, "मीठ बोलिए ना साहब, मीठ!"

तीन वर्षांत एकाला दीक्षा. तीही एका शब्दाची.