कोरं, करकरीत, कवडीमोल

आमच्या घराण्यात काहीही टाकून देत नाहीत. श्रीखंडाचे रिकामे डबे, आहेरावरचे कागद, बंद घड्याळांचे पट्टे, दहावीच्या मार्कलिस्टच्या अटेस्टेड झेरॉक्स, सगळं बाबांनी जपलं आणि ती परंपरा मी न्यू जर्सीपर्यंत आणली. त्यामुळे शेजारच्या गल्लीतल्या गराज सेलमध्ये बेसबॉल कार्डांनी गच्च भरलेलं खोकं वीस डॉलरला दिसलं, तेव्हा मी घासाघीससुद्धा केली नाही.

बेसबॉलमधलं मला फारसं काही कळत नाही. पण १९०९च्या सुमारास सिगारेटच्या पाकिटातून फुकट मिळणारं होनस वॅग्नरचं कार्ड २०२१ मध्ये ६६ लाख डॉलरला गेलं, हे मला ठाऊक होतं. जुनं ते सोनं, हे तर लहानपणापासून पाठ.

“हे कशाला आणलंत?” बायकोने विचारलं.

“पोरीच्या कॉलेजची फी,” मी म्हणालो.

खोक्यातली बहुतेक कार्डं टॉप्स कंपनीची, १९८७ची, भोवती लाकडाच्या नक्षीची चौकट. बॅरी बाँड्स निघाला, मार्क मॅग्वायर निघाला. एकाने २००१च्या मोसमात ७३ होमरन मारलेले, दुसऱ्याने १९९८ मध्ये ७०. कार्डं इतकी करकरीत की बोट कापावं. पहिल्या दोन वर्षांची फी मी मनातल्या मनात भरूनही टाकली.

तळाशी मात्र एक जुनाट कार्ड होतं. १९६८चं, न्यूयॉर्क मेट्सचं, आणि एकाच कार्डावर दोन पोरांचे फोटो. एकट्याला अख्खं कार्ड द्यायची लायकी नसावी, असा मी तर्क केला. पण सगळ्यांत जुनं तेच, आणि कोपरे जरा झिजलेले. जुना कागद झिजायला लागला की मराठी माणूस काय करतो? लॅमिनेट करतो. मीही ऑफिसच्या मशीनमधून कार्ड काढलं, प्लॅस्टिकच्या कडा कात्रीने एकसारख्या कापल्या आणि स्वतःवरच खूश झालो.

कार्डांच्या दुकानातले गृहस्थ वयस्कर होते. त्यांनी खोक्यात नुसतं डोकावून झाकण लावलं. भिंगाला हातही लावला नाही.

“८७,” ते म्हणाले. डॉक्टर रिपोर्ट वाचून म्हणतात तसं.

मग त्यांनी मला बसवून समजावलं. ऐंशीच्या दशकात जुन्या कार्डांना हजारो डॉलर मिळतात अशी हवा झाली आणि अख्खी अमेरिका कार्डं जपायला लागली. कंपन्यांनीही मग डोंगरच्या डोंगर छापले. त्या काळाला कार्डवाले ‘जंक वॅक्स’ म्हणतात, कारण पाकिटं मेणकागदाची आणि आतला माल भंगार. त्यात मॅग्वायरने २०१० मध्ये स्टिरॉइड घेतल्याचं कबूल केलं आणि बाँड्सला हॉल ऑफ फेमने अजून दारात उभं केलेलं नाही.

उलट, १९५२च्या मिकी मँटलच्या कार्डाचं बघा. टॉप्सच्या त्या मालिकेचा शेवटचा भाग मोसम सरता सरता बाजारात आला आणि खोकी पडून राहिली. टॉप्सच्या साय बर्गर यांनी सांगितलेली हकिगत अशी की १९६०च्या सुमारास त्यांनी ती खोकी बार्जवर लादून समुद्रात बुडवली. विकली गेली होती त्यातली कितीतरी पोरांनी सायकलच्या आऱ्यांना अडकवली, उरलेली आयांनी साफसफाईत फेकली. म्हणून वाचलेल्यांतलं एक २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं.

म्हणजे भाव जपणाऱ्यांनी चढवला नाही, फेकणाऱ्यांनी चढवला. माझ्या सात पिढ्यांच्या संस्कारांवर त्या माणसाने दुकानात बसल्या बसल्या पाणी ओतलं.

बरं, नुसतं दुर्मीळ असूनही भागत नाही. कोपरे टोकदार हवेत, कडा शाबूत, पृष्ठभागावर ओरखडा नको, चित्र बरोबर मध्यावर हवं. त्यावर दहापैकी मार्क मिळतात. कार्डाला कात्री लावणं तर महापाप. वॅग्नरचं सगळ्यांत गाजलेलं कार्ड आपण कातरलं होतं, हे बिल मास्ट्रो या बड्या विक्रेत्याने २०१३ मध्ये कबूल केलं. ते तरीही दहा लाखांच्या वर खपलेलंच होतं. कात्री चालवणारा मोठा असला की पापही महाग जातं.

निघता निघता मी खिशातून ते लॅमिनेटवालं काढलं. गृहस्थांनी आता भिंग उचललं, आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

“हा उजवीकडचा नोलन रायन. कारकिर्दीत ५,७१४ स्ट्राइकआउट. तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. आणि हे त्याचं रुकी कार्ड.” रुकी म्हणजे खेळाडूचं पहिलंवहिलं, सहसा जास्त भाव त्यालाच. चांगल्या स्थितीतल्याला हजारो डॉलर. प्लॅस्टिक सोलायला जावं तर शाई बरोबर येते. “हे कुणी केलं?”

“आधीच्या मालकाने,” मी म्हणालो. प्लॅस्टिकला अजून मशीनचा वास येत होता. त्यांनी तो घेतला असावा, कारण पुढे काहीच विचारलं नाही.

शेवटी खोकं मी मंडळाच्या गणपतीतल्या देणगी-विक्रीच्या टेबलावर मांडलं. दिवसभर कुणी फिरकलं नाही. आरतीनंतर एक काका थांबले, रायनचं कार्ड उचलून दिव्याखाली उलटसुलट करून बघितलं. माझ्या पोटात गोळा आला; जाणकार दिसत होते.

“वा! हे लॅमिनेशन कुठं करून घेतलंत हो? एक बुडबुडा नाही. माझं पॅनकार्ड करायचंय.”